दोर धरणारा

ज्या वर्षी सगळ्यांच्या विहिरी आटल्या, त्या वर्षी आम्हाला दम घ्यायला फुरसत नव्हती. आमचा धंदा विहिरी खोदायचा. लोकांच्या मळ्यात पाणी असलं की आमच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. तळ दिसायला लागला की सकाळी तोंड धुवायच्या आत अंगणात मालक हजर. एक म्हणायचा, आधी माझ्याकडे चला. दुसरा म्हणायचा, माझी बाग जळून चाललीय. सासूबाई दोघांना चहा द्यायच्या आणि दोघांनाही हो म्हणायच्या.

विहिरीवर कामाची वाटणी ठरलेली असते. एक जण खाली उतरतो, एक जण रहाटावर असतो, आणि बाकीचे वर आलेला मुरूम टोपल्यांनी काठापासून लांब नेऊन टाकतात. खालच्याला फळीवर बसवून दोराने सोडायचं, मग त्याने भरलेली बादली ओढून घ्यायची, रिकामी खाली सोडायची. दिवसभर हेच. रहाटाची मूठ हातातून सुटली तर भरली बादली सरळ खालच्याच्या अंगावर. म्हणून दोर कोण धरतोय हे बघितल्याशिवाय कोणी फळीवर बसत नाही.

आणि खालच्याने बोलायचं नसतं. खालून हाक मारली तर आवाज भिंतींवर आपटत, घुमत वर येतो, त्यातला शब्द कळत नाही. तेव्हा खालच्याचं सगळं वरच्यांनी बोलायचं. कातळ लागला, हवा कोंदट झालीय, त्याला आता वर घेऊ द्या, असं मालकाला सांगायचं, त्याच्याशी हुज्जत घालायची, ती वरच्यांनी. आमचे हे मिसरूड फुटायच्या आधीपासून खाली उतरायचे आणि सासरे दोरावर असायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, नवरा मुका निघाला की काय. त्यांना भूक लागली की सासूबाई सांगायच्या, "त्याला भूक लागलीय." दमले की सासूबाई सांगायच्या, "तो दमलाय." पुढे तेच मी सांगायला लागले. मालकांपाशी, दुकानात, नातेवाइकांत, सगळीकडे. त्यात वावगं काही आहे असं कोणाच्या मनातही आलं नाही.

दारू सुरू झाली तीही विहिरीवरच. कमरेइतक्या पाण्यात दिवस काढून माणूस वर येतो तेव्हा त्याचे दात वाजत असतात. ओठ जांभळे, बोटं भिजून सुरकुतलेली. सासरे खिशातली बाटली काढून ह्यांना घोटभर द्यायचे, अंगातली ओल निघते म्हणून. सगळे विहीरवाले देतात. पुढे सासरे गेले, ह्यांची छाती खाली भरून यायला लागली, तेव्हा हे वर आले आणि धाकटे भावजी खाली उतरायला लागले. वर तर चांगलं कडक ऊन होतं, ओल कुठली. घोट मात्र राहिला, आणि वाढत गेला.

त्या वर्षी आम्ही बागवाल्याच्या विहिरीवर होतो. दुपार टळत आली होती. मी टोपली रिकामी करून वळले आणि मूठ गरगर उलटी फिरताना बघितली. हे दोन्ही हात पुढे धरून नुसते उभे होते. खालून एक आवाज आला आणि मग काहीच नाही. मी आणि जाऊ, आम्ही दोघींनी मूठ पकडली. भावजींना वर घेतलं तेव्हा त्यांच्या पायाचा पंजा बुटासकट चपटा झाला होता. डोक्यावर यायची ती पायावर आली, एवढंच नशीब.

भावजी ओरडले नाहीत. काठावर आडवे पडून आभाळाकडे बघत म्हणाले, "वहिनी, ह्यापुढे मी उतरीन, पण दोर दादाकडे नको."

ह्यांनी ते ऐकलं. खुंटीला रहाट अडकवला, दोराचं वेटोळं नीट केलं आणि लांब जाऊन बसले.

दवाखान्यात पट्टी बांधणारी नर्सबाई मोठी बोलकी होती. भावजींच्या पायावरची घाण धुता धुता तिने सगळं काढून घेतलं. मग ह्यांच्याकडे न बघता मला म्हणाली, "गुरांच्या दवाखान्यामागे एक खोली आहे. आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, दारू सोडलेले लोक बसतात तिथे. माझा भाऊ जातो."

"औषध देतात?"

"नाही."

"मग करतात काय?"

"बोलतात."

"मग झालंच," मी म्हटलं. "बोलायचं काम आमच्याकडे त्यांचं नाही."

"तुम्ही न्या तर खरं," ती म्हणाली आणि पट्टीचं टोक दातांनी तोडलं.

त्या आठवड्यात जवळच्या बाजारगावात मी ह्यांना घेऊन गेले. तिथे दारू सोडायची बैठक कुठे असते, हे रस्त्यात कोणाला विचारायचं म्हणजे जीभ रेटेना. शेवटी एका चहावाल्याला गुरांचा दवाखाना विचारला. तो म्हणाला, "काय झालंय गुराला?"

"खात नाही," मी म्हटलं.

"आणलं नाहीत बरोबर?"

मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी दुसरीकडे. चहावाल्याने रस्ता दाखवला. चार पावलं पुढे गेल्यावर हे म्हणाले, "गुरात काढलंस मला." आणि हसले. अपघातानंतर पहिल्यांदा.

दवाखान्यामागे खोली होती खरी. दाराबाहेर पायरी होती आणि पायरीवर एक माणूस शेळी घेऊन बसला होता; तो दवाखान्यात आलेला, पण डॉक्टर निघून गेले होते. हे त्याच्या शेजारी बसले ते उठेचनात. मी म्हटलं, चला. तर म्हणाले, "तू जाऊन बघ." तसं काही नवीन नव्हतं. मी आत गेले.

आत फिनेलचा वास होता. भिंतीवर गाईचं मोठं चित्र, तिच्या पोटातली आतडी रंगवून दाखवलेली. बाकांवर पाच-सहा माणसं. मधोमध बसलेला माणूस बसवरचा कंडक्टर होता, खाकी शर्ट घालूनच आला होता. बाजूला एक शिंपी, कानावर खडू ठेवलेला. कोपऱ्यात एक म्हातारा भिंतीला टेकून डुलकी काढत होता. मला बघून सगळे सरकले, जागा केली.

कंडक्टर म्हणाला, "या ताई. इथे नाव सांगायची गरज नाही. बोलावंसं वाटलं तर बोला, नाही तर ऐका."

मी कशाला ऐकते. मी सांगायला सुरुवात केली. कधीपासून, किती, सकाळी हात कसे कापतात, चार घोट गेल्याशिवाय कपबशी धरवत नाही, मूठ कशी सुटली, भावजींचा पाय. सगळे शांतपणे ऐकत होते. शिंपी मान हलवत होता. त्यांच्या डोळ्यांत इतकी माया होती की मला जरा नवल वाटलं.

माझं झाल्यावर कंडक्टर म्हणाला, "पहिल्याच दिवशी एवढं कोणी बोलत नाही, ताई. घरच्यांना ठाऊक आहे, तुम्ही इथे आलात ते?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. "अहो, मी नाही पीत. हे सगळं त्यांचं आहे."

"ते कुठे आहेत?"

"बाहेर. शेळीपाशी."

शिंप्याने तोंडावर हात धरला. कोपऱ्यातला म्हातारा जागा होऊन म्हणाला, "मला वाटलंच, बाईचे हात स्थिर आहेत."

कंडक्टर मात्र हसला नाही. म्हणाला, "त्यांचं त्यांना बोलू द्या. आज नाही तर पुढच्या वेळी. इथे एकाचं दुसऱ्याने बोललेलं चालत नाही."

"ते नाही बोलणार."

"मग नुसते बसतील. बाक आहेत."

"आणि मी काय करू?"

"तुम्ही चहा घ्या," तो म्हणाला.

मला त्याचा राग आला. चहा घेतला, पण राग आला.

घरी परतल्यावर दुसऱ्या दिवसापासून विहिरीवर मी आणि जाऊ रहाटावर. भावजींचा पाय घरी उशीवर होता, म्हणून खाली जावेचा चुलतभाऊ उतरायचा. कामाला मंद, पण भरवशाचा. बाई रहाटावर असली की येणारा-जाणारा थांबून बघतो. बागवाला खुर्ची टाकून बसायचा आणि म्हणायचा, "आज पुरुष माणसं काय सुट्टीवर?" हे तेव्हा मुरमाची टोपली घेऊन त्याच्यासमोरून जात असायचे. ते काम बायकांचं, म्हाताऱ्याकोताऱ्यांचं. सासूबाई थकल्यावर आम्ही त्यांना ते सुद्धा सोडायला लावलं होतं. हे ते खाली मान घालून करायचे. माझ्या तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. जावेचा खांदा आखडला. संध्याकाळी आम्ही एकमेकींचे हात तेल लावून चोळायचो आणि बोलायलाही त्राण नसायचं. जाऊ एकदाच म्हणाली, "ताई, तुमच्या माणसापायी माझं बाईपण दगड झालं बघा." मी म्हटलं, "दगड तरी कुठे, मुरूम." तेवढंच हसलो.

हे बैठकीला जायला लागले. मी बरोबर जायची, पण आता मी पायरीवर आणि हे आत. खिडकी उघडी असायची. आतून एकेकाचं बोलणं ऐकू यायचं. कंडक्टर सांगायचा, पूर्वी तो तिकिटं फाडताना डुलायचा आणि उतारू त्याला सावरून धरायचे. शिंप्याने एकदा एका नवऱ्या मुलाचा कोट दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या करून शिवला होता. प्रत्येक जण सुरुवातीला म्हणायचा, "दारूपुढे माझं काही चालत नाही," आणि मग जे सांगायचं ते. ह्यांचा आवाज मात्र नाहीच. परतताना मी विचारायची, "आज?" हे म्हणायचे, "बसलो."

बसून बसून काही फरक पडत होता का, ते मला सांगता यायचं नाही. काही दिवस चांगले जायचे. अंगाला घाम सुटायचा, जेवण उलटून पडायचं, झोप नाही. रागाने भांडी आपटायचे. मग एखाद्या दिवशी मुरूम टाकायला गेलेले परतायचेच नाहीत, आणि आम्हाला समजायचं. पुन्हा बैठक यायची, पुन्हा मी त्यांना उठवायची. मला त्या रस्त्याचा कंटाळा आला होता. त्या पायरीचा, त्या फिनेलच्या वासाचा. एकदा वाटेत मीच बसले. म्हटलं, "आज नको जाऊ या. माझे पाय दुखतात." हे म्हणाले, "तू बस इथे. मी जाऊन येतो," आणि गेले. मी रस्त्याच्या कडेला बसून त्यांची पाठ बघत राहिले, दारूच्या दुकानाकडे वळते का म्हणून. वळली नाही.

पुढच्या खेपेला मी पायरीवर होते तेव्हा आतून ह्यांचा आवाज आला. मी ओळखलाच नाही आधी.

"दारूपुढे माझं काही चालत नाही," ते म्हणाले. मग इतका वेळ गेला की मला वाटलं, संपलं. "मला थंडी वाजत होती. आबांनी दिली. मी लहान होतो. मला आवडली नाही, पण आबा खूष झाले. बस एवढंच."

"भरपूर झालं," कंडक्टर म्हणाला.

मला उठून आत जावंसं वाटलं. सांगावंसं वाटलं, सासरे तसे वाईट नव्हते हो, सगळेच देतात. पण मी पायरीवरच राहिले.

ते घरीही बोलले, आणि तिथे बिनसलं. सासूबाई वाढता वाढता कोणाकोणाला शिव्या देत होत्या, मेल्यांनी माझ्या पोराला नादाला लावलं म्हणून. हे ताटावरून म्हणाले, "कोणी नाही. आबांनी दिली पहिल्यांदा."

सासूबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. "गेलेल्या माणसावर घालतोस?"

"घालत नाही. झालं ते सांगितलं."

त्यांनी डाव ठेवला आणि आत जाऊन पडल्या. पुढे कितीतरी दिवस त्या ह्यांच्याशी बोलल्या नाहीत. हे समोर बसलेले असायचे आणि त्या मला म्हणायच्या, "त्याला सांग, पाणी तापलंय." मी सांगत नसे. हेही उठत नसत. पाणी निवून जायचं. शेवटी एका सकाळी त्यांनी स्वतःच चुलीपुढून वळून म्हटलं, "ऊठ, निवतंय." हे उठले.

भावजींचा पाय बरा झाला, थोडा वाकडा राहिला. जावेचा चुलतभाऊ आपल्या गावी परतला आणि ते पुन्हा उतरायला लागले, आम्हा दोघींच्या दोरावर. फळीवर बसण्याआधी गाठ बघायचे, खुंटी बघायचे, आणि दादा कुठे आहे तेही बघायचे. हे मुरमाच्या ढिगापाशी असले की मग बसायचे. दोघे भाऊ एका अंगणात जेवायचे आणि एकमेकांशी एक शब्द नाही.

बागवाल्याची विहीर आता कातळात गेली होती. मुरूम संपला, दगड यायला लागले. भरली बादली आम्हा दोघींना ओढवेना. मध्येच दम तुटायचा, रहाटाला खुंटी घालून उभं राहायचो, खाली भावजी भिंतीला चिकटून थांबलेले. बागवाल्याची झाडं पिवळी पडत होती. एका संध्याकाळी त्याने सरळ सांगितलं, "उद्या रहाटावर पुरुष दिसला तर ठीक. नाही तर माझी माणसं बोलावून ठेवलीत. तुमचं सामान उचला."

अर्ध्यावर विहिरीवरून काढलं की पुढे आम्हाला कोणी बोलावणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जेवणं झाल्यावर भावजी अंगणात पाय चोळत बसले होते. म्हणाले, "उद्या दादाने धरावा दोर. बरेच दिवस झाले, त्याचा हात बरा वाटतो."

ते माझ्याकडे बघून बोलले होते. हे तिथेच होते, दोराला तेल लावत. त्यांनी मान वर केली नाही. दोर संपवला, हात पुसले, आणि जरा फिरून येतो म्हणून बाहेर गेले.

सकाळी विहिरीकडे चालताना मला वास आला. फार नाही, पण आला. भावजी पुढे लंगडत चालले होते, फळी खांद्यावर टाकून. जाऊ कधी नव्हे ती गुणगुणत होती. मी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांचे हात खिशात होते.

बागवाला खुर्ची टाकून तयार होता. भावजींनी फळी बांधली, गाठ बघितली, खुंटी बघितली. मग आपल्या भावाकडे बघितलं आणि रहाटापासून बाजूला झाले. हे पुढे आले नाहीत.

"अरे धर ना," बागवाला म्हणाला. "माझा दिवस घालवू नका."

माझ्या तोंडून निघून गेलं, "त्यांना कणकण आहे जरा. आजच्या दिवस आम्ही दोघी..."

"कणकण नाही," हे म्हणाले.

आवाज मोठा नव्हता. पण विहिरीच्या काठावर सगळ्यांना ऐकू गेला.

"काल घेतली मी. भीती वाटली म्हणून घेतली. हात कापतायत. आज दोर माझ्याकडे नको."

त्यांनी खिशातून हात काढले आणि समोर धरले. भिजलेल्या पाखरासारखे थरथरत होते. जावेने तोंड फिरवलं. बागवाला मांडीवर थाप मारून उठला. "हे भारी आहे. दारू पितो आणि वर दवंडी पिटतो. दुसऱ्या कोणी निदान लपवलं असतं. उचला तुमचं लटांबर."

कोणी हललं नाही. भावजी आपल्या भावाच्या हातांकडे बघत होते. अपघातानंतर त्यांनी ते इतक्या जवळून बघितलेच नव्हते. मग ते फळीवर जाऊन बसले.

"वहिनी, तुम्ही आणि ही धरा. बादली अर्धीच भरीन. दगड फोडून बारीक करून देतो. दादा, तू काठावर ये, बादली तू उतरवून घे." आणि मग बागवाल्याला म्हणाले, "तुमची माणसं यायला दुपार होईल. तोवर आम्ही खोदतो. नंतर काढायचं तर काढा."

आम्ही त्यांना सोडलं. हे काठावर गुडघे टेकून बसले. दिवसभर अर्ध्या बादल्या वर आल्या. हे त्या दोन्ही हातांनी छातीशी धरून उचलायचे, कारण नुसत्या हातांवर भरवसा नव्हता. शर्ट फाटला, छाती खरचटली. दुपारनंतर बागवाल्याची माणसं आली, विहिरीत डोकावली, आमच्या अर्ध्या बादल्या बघून हसली. पण खालचा कातळ बघितल्यावर हसू थांबलं. आपसात काहीतरी बोलली आणि बागवाल्याला म्हणाली, ह्यांचा कातळ फोडून झाल्यावर बोलवा. बागवाल्याने त्यांना वाटेला लावलं आणि खुर्ची सावलीत ओढली.

दिवेलागणीला परतताना माझ्या पायांत गोळे आले होते. मी मागे पडले होते. पुढे दोघे भाऊ चालत होते, एक लंगडत, एक छाती धरून. भावजींनी फळी दादाच्या खांद्यावर दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर भावजींनी गाठ बघितली आणि विचारलं, "दादा, आज धरतोस?"

ह्यांनी विचार केला. "आज नको."

"बरं."

त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. पुन्हा नको. बैठकीचा दिवस आला, हे एकटेच गेले. आणि मग एका सकाळी, पाणी अजून लागलेलं नव्हतं, झाडं तशीच पिवळी होती, भावजींनी विचारलं आणि हे म्हणाले, "धरतो." भावजी फळीवर बसले. खाली जाताना त्यांचं डोकं दिसेनासं होईपर्यंत जाऊ काठावरून खाली बघत उभी होती. मीही.

पुढे कितीतरी विहिरी झाल्या. तो प्रश्न भावजींनी एकाही सकाळी चुकवला नाही, दारू सुटून कितीतरी पावसाळे गेल्यावरही. नवे मालक ऐकून चमकायचे. रहाटापाशी उभा असलेला माणूस दोर धरणार का, हे काय विचारायचं. ते माझ्याकडे बघायचे, बाईच बोलणार असं समजून. मी टोपली उचलून ढिगाकडे जायची. ह्यांचं उत्तर यायला वेळ लागायचा. पण यायचं.